मायाला बोलते करण्याबाबत

विटा, रविवार, १५ जून २०२५

मी, नानासो तात्याबा निकम, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय अठ्ठावन्न, एका सहकारी सूतगिरणीतून कार्यालय अधीक्षक म्हणून नुकताच निवृत्त झालेला, आजपासून ही दैनंदिनी लिहीत आहे. हेतू एकच आहे. माझी नात माया अडीच वर्षांची झाली आणि बोलत नाही. ती दिवाळीपूर्वी बोलती व्हावी यासाठी जे केले जाईल ते येथे लिहिले जाईल. संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते मी आयुष्यभर लिहिली. त्या सभांत बोलणारे पुष्कळ असत आणि म्हणणे कोणाचेच काही नसे. येथे परिस्थिती उलट आहे. मायाचे म्हणणे फार असते. बोलणे तेवढे नाही.

दिवाळीची मुदत माझी नव्हे, मुलाची. अमृत आणि सूनबाई सोनिया कोईमतूरला असतात. तेथे आमचे गलाईचे दुकान आहे. विट्याच्या आसपासच्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरातले पुरुष परमुलखात सोने वितळवून शुद्ध करतात, आणि घर उघडे राहावे म्हणून एक जण गावी राहतो. तो मी. कोईमतूरला राहण्याची खोली दुकानाच्या वरच आहे आणि खाली तेजाबाचा धूर असतो. त्या धुरात लेकरू वाढवू नये असे मी सांगितले आणि माया चालू लागताच तिला इकडे आणले. सोनियाचे त्या वेळी काय म्हणणे होते ते आठवत नाही. बहुधा काही नसावे.

आता अमृत म्हणतो, दिवाळीपर्यंत पोरगी बोलली नाही तर तिला कोईमतूरच्या डॉक्टरांना दाखवू आणि तिकडेच ठेवून घेऊ. याचा अर्थ, बोलली तर माया येथे राहील. मी कामाला लागलो आहे.

गुरुवार, १९ जून

रोज दिवेलागणीला आमच्या घराण्याचा सामूहिक व्हिडिओ कॉल असतो. ही पद्धत मीच घालून दिली. कोईमतूरहून अमृत आणि सोनिया, कानपूरहून माझे थोरले बंधू हंबीरराव, शिवाय गुवाहाटी, विजयवाडा, जेथे म्हणून निकमांनी भट्टी पेटवली आहे तेथून एकेक चौकोन उघडतो. पूर्वी पाऊसपाणी आणि कोणाचे गुडघे हे विषय असत. हल्ली विषयपत्रिकेवर एकच विषय आहे. मी मायाला मांडीवर घेऊन फोनसमोर बसतो आणि परीक्षा सुरू होते.

"माया, काका म्हण. काऽका."

"आगं, आत्या म्हण की. आत्याला इसरलीस व्हय गं?"

"नाना, पोरीला जरा मागं घे रं. नुसतं कपाळ दिसतंय."

मायाने आज सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले. मग फोन माझ्या हातातून काढला, स्वयंपाकघरात नेला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला आणि वरून झाकण लावले. डब्यातून हंबीररावांचा आवाज येत राहिला, "अंधार का झाला रं? लाईट गेली का विट्याची?"

फोन पुसून पुन्हा समोर धरला तेव्हा ते मला धीर देऊ लागले. "काळजी करू नगंस. आपल्या घराण्यात समदी उशिराच बोलत्यात. तू सुदिक लय मोठा हुईस्तवर मुका हुतास. आन् एकदा बोललास, तवापासनं दुसऱ्या कुणाला बोलू दिलं न्हाईस."

सगळे चौकोन हसले. सौ. मालन पीठ पुन्हा चाळत होती, तीही हसली. विनोद सुमार होता.

शनिवार, २८ जून

तासगावमार्गे एसटीने सांगलीला गेलो. मी, मालन आणि माया. कानांची तपासणी आधीच झाली होती. कान उत्तम आहेत. हे सांगायला यंत्र कशाला हवे होते? शेजाऱ्यांकडे बिस्किटाचा पुडा फाटला तरी ही येथून निघते.

वाचा-उपचार करणाऱ्या फिरदोस मुजावर वयाने आमच्या सोनियाएवढ्या आहेत. मी कागदपत्रांची फाईल पुढे केली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाल्या, "काका, घरी खेळता तसं जरा खेळून दाखवा. मी नुसती बघते."

मी चेंडू घेतला. "हे काय आहे? चेंडू आहे. कोणता रंग? लाल. कोणी दिला? आबांनी दिला. म्हण, चेंडू. चें-डू." माया खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहू लागली. मी कावळ्याविषयीही माहिती दिली.

फिरदोसबाईंनी हात वर करून मला थांबवले. "काका, प्रश्न तुम्हीच विचारता, उत्तरपण तुम्हीच देता. मग तिला काय काम ठेवलंय?"

मालनला अचानक खोकला आला. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ खोकत होती.

सूचना अशा मिळाल्या : खाली बसायचे. माया ज्याच्याकडे पाहील त्याच्याकडे आपण पाहायचे. त्यावर एखादाच शब्द बोलायचा आणि मग तोंड मिटून वाट पाहायची. 'म्हण' हा शब्द घरातून हद्दपार करायचा. तिला काय हवे ते कळले तरी लगेच कळल्याचे दाखवायचे नाही. संध्याकाळच्या कॉलविषयी ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "तो दरबार आधी बंद करा. एवढी माणसं एकदम अंगावर आली तर मोठं माणूससुद्धा गप्प बसेल."

रविवार, २९ जून

कुटुंबाच्या गटावर पुढील सूचना पाठवली : 'तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार मायाशी होणारे सर्व कॉल पुढील सूचनेपर्यंत बंद करण्यात येत आहेत. कोणताही अपवाद केला जाणार नाही.'

हंबीररावांनी उत्तरादाखल हात जोडलेले चित्र पाठवले. ते आदराचे आहे की सुटकेचे, ते चित्रावरून कळत नाही.

सोनियाचा स्वतंत्र फोन आला. "आबा, बाकीच्यांचं बंद करा की. पर माझं? मी न्हाई म्हण-बिण म्हणणार. नुसतं तोंड दावा तिचं."

एकाला अपवाद केला की नियम उरत नाही, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितले. ती मग "बरं" म्हणाली. समजूतदार मुलगी आहे. नीट सांगितले की ऐकते.

मंगळवार, ८ जुलै

जमिनीवर बसण्यातील मुख्य अडचण ही की नंतर उठावे लागते. त्याहून अवघड गप्प बसणे. मी गप्प बसलो की मालन स्वयंपाकघरातून येऊन विचारते, "आवं, बरं वाटत न्हाई का?"

आज माया माझ्या पाठीवर बसली आणि पंच्याने मला हाकू लागली. फिरदोसबाईंच्या नियमानुसार खेळ ती ठरवणार, म्हणून मी म्हैस झालो. सोप्यातून माजघरात, माजघरातून पुन्हा सोप्यात. हंबरणे आधी जमेना. आवाज शुद्ध येत होता पण म्हशीचा वाटत नव्हता. दोन-तीनदा सराव केल्यावर पोटातून असा काही निघाला की माया खदखदून हसली आणि तिच्या तोंडून आले, "हंऽऽ."

मान वर केली तेव्हा दारात धनाजी उभा होता. हा गिरणीतला माझ्या हाताखालचा लिपिक. त्याने आजवर मला इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय पाहिलेले नाही. निवृत्तांच्या बैठकीला बोलवायला आला होता. त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि विचारले, "साहेब, बैठकीला आत्ता येताय, का धार काढून मग येताय?"

बैठकीला गेलो नाही. मायाचा 'हंऽऽ' पुन्हा ऐकण्यासाठी अंधार पडेपर्यंत हंबरत होतो. गावात काय झाले असेल याची कल्पना आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मालनने माहेराहून पोपटाने चोचलेले पेरू आणले. पोपटाचे उष्टे खाल्ले की मूल बोलते, असे तिच्या माहेरचे शास्त्र आहे. म्हसवडच्या सिद्धनाथाला ती आधीच नवस बोलून बसली आहे. एकाच कामासाठी देव, तज्ज्ञ आणि पोपट असे तिघे नेमले तर पुढे श्रेयाचा वाद होईल, असे मी तिच्या निदर्शनास आणले.

"आवं, पोरगी बोलू द्या की आदी. मग घाला वाद पोपटाशी."

तो पोपट स्वतः तरी बोलतो का, असे मी विचारले.

"तुमी नगा खाऊ त्यो पेरू," ती म्हणाली. "तुमाला त्याची गरज न्हाई."

आजची महत्त्वाची घटना अशी. माया माठापाशी उभी राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिला पाणी हवे हे मला केव्हाच कळले होते. इतके दिवस ती नुसती वळली तरी पेला भरून तिच्या हातात असायचा. आज मी भरलेला पेला हातात धरून, काही न कळणाऱ्या माणसाचा चेहरा करून बसलो. तिने माझा सदरा ओढला. मी माठाकडे पाहिले, छताकडे पाहिले. तिने पाय आपटला. माझा हात आपोआप पुढे जात होता. मी तो दुसऱ्या हाताने धरला. आणि ती म्हणाली, "मम."

या घरात बाळबोलीला मी पूर्वीपासून थारा दिलेला नाही. पाण्याला पाणी म्हणावे आणि कुत्र्याला कुत्रा. अमृतला मी तसेच वाढवले. फिरदोसबाईंना फोन करून विचारले की 'मम' हा अधिकृत शब्द धरावा का. त्या म्हणाल्या, "काका, मागितलं आणि मिळालं. शब्द म्हणजे अजून काय असतो? तुम्हीपण म्हणा की तिच्यासोबत."

मी म्हणालो. तीन वेळा, मोठ्याने. मालन दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते, बहुधा फोडणीमुळे.

बुधवार, ३ सप्टेंबर

प्रगती समाधानकारक आहे. हम्मा, काऊ, भुर्र, दे, मम. 'दे' हा शब्द ती दिवसभर वापरते आणि त्यासाठी कोणतीही वस्तू चालते. काल माझा चष्मा मागितला, दिला.

याखेरीज काही गोष्टी ती आपणहून शिकली आहे. तोंडावर फडके घेते, मग एकदम दूर करून "भोऽऽ" म्हणते आणि हवेत पापा उडवते. यांपैकी एकही मी शिकवलेली नाही. एका ठिकाणी मेहनत घेतली की तिचा परिणाम सर्वत्र दिसतो, असा निष्कर्ष काढावा लागेल. म्हशीच्या खेळाला कमी लेखता येणार नाही.

मालनचे मात्र वय झाले. रोज दुपारी कपडे वाळत घालायला मायाला घेऊन गच्चीवरच्या पत्र्याखाली जाते आणि बराच वेळ खाली येत नाही. तीन माणसांच्या घरात एवढे कपडे कोठून येतात? आज तर धो धो पाऊस होता, तरी गेली. कपडे जसेच्या तसे ओले परत आले. दोघी कोरड्या आणि खुशीत. तिच्या फोनची बॅटरीही नेमकी दुपारीच संपते. नवा घ्यावा लागेल.

शनिवार, २० सप्टेंबर

सांगली. फिरदोसबाई खूश आहेत. आज नवा नियम दिला : मायाने एखादी गोष्ट शब्दात सांगितली की त्याच क्षणी तसे करायचे. "शब्द टाकला की काम होतं, हे तिला दिसलं पाहिजे. तुम्हाला पटो न पटो. तुमचं मत नंतर." यापुढे ती दोन शब्द जोडू लागेल, त्याची वाट पाहायची आहे.

निघताना त्यांनी सहज विचारले, "आईशी रोज बोलते ना ही? फोनवर?"

त्यांच्याच सल्ल्याने सर्व कॉल बंद केले आहेत, असे मी सांगितले.

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "काका, मी दरबार बंद करा म्हटलं होतं. आई बंद करा म्हटलं नव्हतं."

मालन त्या वेळी मायाला चप्पल घालत होती. एका चपलेला तिला फार वेळ लागला.

एसटीत विचार केला. सूचनेचे शब्द माझे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु उपचार फळ देत असताना मध्येच पद्धत बदलणे इष्ट नाही. दिवाळी तोंडावर आली आहे; तिच्यानंतर पाहू. शिवाय आता रोज आई दिसू लागली आणि मायाला तिकडची ओढ लागली तर... हे वाक्य पूर्ण करण्याची आवश्यकता वाटत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

अमृत आणि सोनिया सकाळी आले. मी सोनियाला उंबऱ्यावरच थांबवून समजावले : माया तुला ओळखणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, घाई करू नकोस, 'म्हण' म्हणू नकोस.

सोनिया दारातच उकिडवी बसली आणि तिने ओढणी तोंडावर घेतली.

माया सोप्यात वाटीतल्या लाह्या खात होती. तिने वर पाहिले. वाटी पडली, लाह्या सांडल्या, ती धावत गेली, ओढणी ओढली आणि किंचाळली, "भोऽऽ!" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात अशा पडल्या की कोण कोणाला धरून आहे ते कळेना. एकीलाही बोलायची घाई नव्हती.

मी मालनकडे पाहिले.

"रोज दुपारी हाच खेळ चालायचा दोघींचा, फोनवर," ती म्हणाली. "कपडे काय वाळत न्हवते, आवं."

"मला का सांगितले नाहीस?"

"तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी नुसतं सांगतच हुता."

'भोऽऽ' आणि पापा मी म्हशीच्या खात्यात लिहिले होते, तेवढी दुरुस्ती येथे करतो.

बुधवार, दिवाळी पाडवा

दुपारी जेवणानंतर सोप्यात बसलो असता अमृत म्हणाला, "आबा, दुकानापासनं लांब खोली घेतलीया. धूर न्हाई, अंगण हाय. मायाला घेऊन जातोय. फिरदोस मॅडमशी सोनिया बोललीया. त्या फोनवरनं शिकवत राहणार."

मी म्हणालो, "ती बोलते आहे. बोलली तर येथे राहील असे ठरले होते."

"न बोलली तर नेतो म्हटलं हुतं मी. बोलली तर ठेवतो असं कवा म्हटलं?"

मी पुन्हा आठवून पाहिले. त्याने तसे म्हटले नव्हते.

तरीही मुद्दे माझ्याकडे होते आणि मी ते क्रमाने मांडले. परकी भाषा. परके पाणी. सवयीचे घर. दुकानाच्या गडबडीत लेकराकडे होणारे दुर्लक्ष. सोनिया आणि माया खाली बसून वाट्यांवर वाट्या रचत होत्या आणि त्यांचे काहीतरी चालले होते. मी बोलू लागलो तशी सोनिया रीतीप्रमाणे गप्प झाली आणि हात आवरून बसली. अमृत जमिनीकडे पाहत होता. मालन दाराला टेकून उभी होती. मी हवामानाच्या मुद्द्यावर आलो.

वाट्यांचा मनोरा अर्धा होता. माया आईच्या गप्प बसलेल्या हातांकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिले. उठली, माझ्यापाशी आली, गुडघ्यावर दोन्ही तळवे ठेवले, ढकलले आणि म्हणाली, "आबा, जा."

दोन शब्द जोडून ती आज पहिल्यांदा बोलली. 'आबा' हा शब्दही पहिल्यांदाच. गेले कित्येक महिने तो मी कधी मागितला नव्हता, कारण मागायचे नाही असा नियम होता.

"आगं, असं न्हाई म्हणू आबांना..." सोनिया घाबरून तिला धरायला उठली. मी हाताने तिला थांबवले. उच्चार स्वच्छ होता, अर्थ प्रसंगाला धरून होता, आणि शब्द निघाला की त्याच क्षणी तसे करायचे, मत नंतर, असे ठरलेले आहे. मी उठलो. गुडघ्यांमुळे 'त्याच क्षणी' जमले नाही, पण लक्षात येण्याइतका उशीरही झाला नाही. हवामानाचा मुद्दा अर्धवट राहिला.

बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि हे लिहीत आहे. आतून वाट्यांचे आवाज येत आहेत. सोनिया सतत बोलते आहे; ती इतके बोलते हे मला ठाऊक नव्हते. मध्येच थांबते, मग माया काहीतरी म्हणते, मग दोघी हसतात. अमृतही हसतो. माझ्यासमोर तो असा हसल्याचे स्मरत नाही.

मालन चहा घेऊन आली. "आत चला की. पोर इसरली बी आसंल."

मी नाही म्हणालो. तिला म्हटले, मायाला झोपताना तळपायाला खोबरेल चोळल्याशिवाय झोप येत नाही. जाण्यापूर्वी तेवढे सोनियाला सांग.

"तिला ठावं हाय," मालन म्हणाली, आणि माझ्याशेजारी बसली. मी काही विचारले नाही, तरी ती आपणहून बोलू लागली : सोनियाने फोनवर काय काय विचारले, माया पहिल्यांदा केव्हा हसली, पावसात पत्र्याखाली आवाज ऐकू यायचा नाही म्हणून दोघी कशा ओरडायच्या. मी मध्ये बोललो नाही.

माझे सर्व सामान आत आहे आणि ओट्यावर ऊन आले आहे. परंतु जा म्हणणारी ती, तेव्हा ये म्हणायचेही तिनेच. शब्द सोपा आहे. तिला तो येईल. मी वाट पाहत आहे.

नानासो तात्याबा निकम
विटा, २२ ऑक्टोबर २०२५